लेकराच्या पोटातलं बिऱ्हाड

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून एक लेक लिहिते: "काकू, मुलगा चार वर्षांचा आहे. सिझर झालं, दूध जेमतेम चार महिने पाजता आलं आणि कान दुखून तीनदा अँटिबायोटिक झालं. लहानपणी पोटातले जिवाणू बिघडले की पुढं लठ्ठपणा, डायबेटिस होतो असं वाचलं. माझ्या वडिलांना डायबेटिस आहेच. शी तपासून देणारं किट मागवू का? प्रोबायोटिक कुठलं देऊ? कोरेगावहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'भाकरी खातो का गं?' तो पास्ता खातो."

अगं, ते सिझरचं आधी डोक्यातून काढ. सिझरच्या बाळाच्या पोटात सुरुवातीला वेगळे जिवाणू येतात हे खरं, पण तो फरक पुढं बराच पुसट होत जातो. दुधाचंही तसंच. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत, त्या त्याच्या पोटातल्या बिफिडो नावाच्या चांगल्या जिवाणूंसाठी असतात. चार महिने तू त्यांचंही पान वाढलंस, ते काही वाया गेलं नाही. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पोटातली वस्ती मोठ्या माणसासारखी होते आणि नंतरही ती रोजच्या जेवणावर हलत राहते.

अँटिबायोटिकची धास्ती उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. 2014 साली न्यूयॉर्कच्या मार्टिन ब्लेझर यांच्या गटानं पिलांना जन्माच्या सुमारास पेनिसिलिनचे बारीक डोस चार आठवडे दिले. औषध थांबल्यावर जिवाणू सावरले, तरी ती पिलं पुढं जाड झाली. पण उंदीर म्हणजे तुझा बाळ्या नव्हे. माणसांत लहानपणीची अँटिबायोटिकं आणि पुढचं वजन यांचा संबंध दिसतो, तो औषधामुळे की आजारपणामुळे हे सुटं करता येत नाही. चालू कोर्स अर्धवट सोडू नकोस. पुढच्या वेळी कान दुखला तर "दोन दिवस वाट बघून चालेल का?" एवढं डॉक्टरांना विचार, पुष्कळदा चालतं. मी स्वतः माझ्या थोरल्याला फ्रिजमधलं उरलेलं अँटिबायोटिक साध्या सर्दीला पाजलंय, शेजारीण म्हणाली म्हणून. सर्दी आठ दिवसांनी गेली. ती तशीही जाणारच होती.

किट नको. चांगलं पोट कसलं याचं सर्वमान्य मोजमापच नाही, मग तो अहवाल वाचून करणार काय? प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवाणू घातलेली औषधं, तीही उगाच नकोत. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या मोठ्या माणसांचे स्वतःचे जिवाणू उलट उशिरा परतले, असं 2018 मध्ये इस्रायलच्या अभ्यासात दिसलं.

खरी गोष्ट सासूबाईंच्या प्रश्नात आहे. त्याच वर्षी मिनेसोटात, आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग आणि करेन समाजांतल्या बायकांचा अभ्यास झाला. अमेरिकेत येऊन काही महिन्यांतच त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचे प्रकार घटू लागले, चोथा (फायबर) पचवणारे मागे पडले. मुलुख बदलला की पोटातलं बिऱ्हाडही हलतं. चोथा आंबवून हे जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 15 ग्रॅम चोथा हवा, असं ब्रिटनचं मार्गदर्शन सांगतं.

तेवढ्यासाठी पास्त्याशी भांडू नकोस. त्याच्या सॉसमध्ये शिजवलेला राजमा वाटून घाल. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची चव येणार नाही, पण काम होईल. रात्री भिजव आणि कुकरमध्ये मऊ शिजव, कच्चट राहू देऊ नकोस. तिथला राय नावाच्या धान्याचा काळा पाव तर भाकरीचा सख्खा भाऊ. सासूबाईंना तोच दाखव.

मात्र त्या "पोरगं बारीक दिसतंय" म्हणाल्या तर मनावर घेऊ नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं वजनानं कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. घरात डायबेटिस असताना बाळसं धरवायला चमचाचमचा जादा भरवणं नको. तुमच्याकडं मुलांच्या तपासण्यांची पिवळी वही मिळते, तिच्यात उंची-वजनाचा आलेख असतो, तो बघ. ज्यूसची बाटली मात्र बंद कर.

आणि भाकरी करायचीच असेल तर: इंडियन स्टोअरचं ज्वारीचं पीठ जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते, थापताना भाकरी चिरते. पिठात उकळतं पाणी ओत, झाकून ठेव, हाताला सोसेल इतकं झालं की तळव्यानं रगडून मळ. पहिल्या दोन मोडतील. त्या तू दूध घालून खा, तिसरी त्याला दे.