साठा आधी की चुका आधी? कारखानदारांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत पेच एकच आहे. वाया जाणारा वेळ आणि माल कमी करणारी 'लीन' पद्धत, आणि मापातला चढउतार आटोक्यात आणणारी 'सिक्स सिग्मा', या दोन्ही एकाच कारखान्यात एकत्र कशा चालवायच्या? निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमची शिरोलीला ग्रे आयर्न फाउंड्री (बिडाच्या ओतकामाचा कारखाना) आहे. रोज १६० च्या आसपास कास्टिंग निघतात. ग्राहकाकडे मशिनिंग करताना ब्लो होल (वायूमुळे आत राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडतात. रिजेक्शन ८ टक्के आहे. एक सल्लागार म्हणतो, साठा कमी करा. दुसरा म्हणतो, सहा महिने आकडे गोळा करा, तोवर काही बदलू नका. कोणाचं ऐकावं?

साठ्यापासून सुरू करा, पण आकड्यांसाठी. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामाच्या) अलीकडे-पलीकडे पडलेला माल एकदा मोजा. समजा २४०० नग निघाले. भागिले रोजचे १६०, म्हणजे आज ओतलेलं कास्टिंग ग्राहकाच्या मशीनवर चढायला १५ दिवस. होल दिसतो तेव्हा त्या दिवशीची वाळू, त्या दिवशीचं मेटल, कोअर (कास्टिंग आतून पोकळ ठेवणारे वाळूचे गाभे) किती वेळ उघड्यावर होते, यातलं काहीच हाताशी नसतं. मग सहा महिने आकडे जमवले तरी होल एका दिवसाचा आणि नोंद दुसऱ्याच दिवसाची, असं गणित जुळवत बसावं लागतं.

म्हणून फेटलिंगसमोर पट्टे आखा, आधी आलेला माल आधी उचला आणि एकूण ४८० नगांची, म्हणजे तीन दिवसांची मर्यादा ठेवा. पट्टा भरला की त्या पॅटर्नचं मोल्डिंग (साचे बनवणं) थांबवायचं. हे मालकाला सर्वांत जड जातं, कारण मोल्डर रिकामा उभा दिसतो. त्याला कोअर तपासायला किंवा फेटलिंगला लावा. सोबत प्रत्येक हीटमधली (भट्टीच्या एका खेपेतली) पाच कास्टिंग दुसऱ्याच दिवशी मशिनिंगला पाठवा, स्वतःचं मशीन नसेल तर शेजारच्या वर्कशॉपला पैसे देऊन.

आता आकडे घ्या. हीट नंबर तर हवाच, शिवाय साचा बंद करण्याआधी वाळूत सुटा आकडा दाबून लॅडलमधला (मेटल ओतण्याच्या भांड्यातला) साच्याचा क्रम उमटवा : १, २, ३… तासाला एकदा वाळूचा ओलावा आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते ते), आणि प्रत्येक लॅडलच्या पहिल्या व शेवटच्या साच्याआधी पायरोमीटर बुडवून तापमान. चार आठवडे पुरतात.

मग होल कुठे आहेत ते बघा, नुसते किती आहेत ते नको. कोअरलगत असतील तर कोअरमधला वायू : व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) बुजलेली, बाइंडर (वाळू चिकटवणारा पदार्थ) जास्त, किंवा पावसाळ्यात कोअरने ओल धरलेली. वरच्या पृष्ठभागालगत विखुरलेले असतील तर वाळूचा ओलावा आणि हवा जाण्याची वाट तपासा. आणि होल ७व्या-८व्या साच्यातच जास्त असतील तर वाळूवर आळ घेऊ नका, मेटल थंड पडतंय. छोट्या लॅडलमध्ये पहिल्या ते शेवटच्या साच्यात ५०-६० अंशांचा फरक सहज पडू शकतो.

अशा वेळी उपाय पुन्हा लीनच्याच पेटीतून निघतो. भट्टीपासून साच्यांच्या रांगेपर्यंतचं अंतर कमी करा, लॅडल आधी तापवा, वर झाकण ठेवा, एका लॅडलला आठऐवजी पाच साचे द्या. वाहतुकीतला वाया जाणारा वेळ आणि तापमानाचा चढउतार ही तिथे एकच गोष्ट असते.

एक टोक सुटू नये. ८ टक्के कशाचे, नगांचे की वजनाचे? घासून-भरून दुरुस्त केलेले नग त्यात धरलेत का? सहसा धरत नाहीत. ते आधी धरा. आकडा वाढेल, वाढू द्या.

प्रश्न : भोसरीत सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) काम आहे. सेटिंगचा वेळ १०० मिनिटांवरून ३५ वर आणला, बॅच लहान केल्या. साठा उतरला, पण रिजेक्शन वाढलं. असं का?

प्रत्येक सेटिंगला पहिले चार नग जात असतील आणि आठवड्याची सेटिंग ६ वरून १८ झाली असतील, तर २४ ऐवजी ७२ नग भंगारात जातात. सेटिंग लवकर झालं, नीट झालं नाही.

सेटिंगचा वेळ कमी करण्याची पद्धत बसवणारे जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीत मशीन चालू असताना करता येणारी तयारी बाहेर काढायची, एवढंच नसतं. जुळवाजुळव मुळातच संपवायची असते. पहिला भाग सगळे करतात, दुसरा राहतो. व्याख्याही बदला : मागच्या कामाचा शेवटचा चांगला नग ते पुढच्या कामाचा पहिला चांगला नग, एवढा वेळ म्हणजे सेटिंग. तुमचे ३५ मिनिट बहुधा सायकल स्टार्टचं बटण दाबेपर्यंतचे आहेत.

सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) प्रत्येक कामाला वेगळे, नंबर घातलेले ठेवा आणि जॉब धरताना जो दाब असतो त्याच दाबावर बोअर करा. टूलची लांबी प्रीसेटरवर मोजून ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) लिहून ठेवा, ट्रायल कट मारून अंदाज काढू नका. सकाळी थंड मशीनवर अचूक मापाचं सेटिंग घेऊ नका, स्पिंडल १५-२० मिनिटं फिरू द्या.

ऑपरेटर प्रत्येक नग मोजून ऑफसेट हलवत असेल तर तेही थांबवा. प्रक्रिया स्थिर असताना प्रत्येक चुकीइतकी उलटी दुरुस्ती केली, तर मापाचा पसारा कमी न होता सुमारे १.४ पट होतो. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग नरसाळ्यातून गोट्या टाकून हेच दाखवत. पाच नगांची सरासरी नियंत्रण तक्त्याच्या (स्थिर प्रक्रियेची हद्द दाखवणाऱ्या आलेखाच्या) रेषेबाहेर गेली तरच हात लावायचा.

प्रश्न : ग्राहक सीपीके (माप मर्यादेत बसवण्याच्या क्षमतेचा आकडा) १.३३ मागतो, आमचा ०.८३ येतो. शाफ्ट २५ ± ०.०२५ मिमी. नवीन मशीन घ्यावं लागेल का? (अंबड, नाशिक)

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत सरासरी २५.०१० आणि सिग्मा (मापांचा पसारा दाखवणारा आकडा) ०.००६ आहे. वरची मर्यादा २५.०२५. फरक ०.०१५, भागिले तीन सिग्मा म्हणजे ०.०१८, उत्तर ०.८३. आता सरासरी २५.००० वर आणून पाहा : ०.०२५ भागिले ०.०१८ म्हणजे १.३९. मशीन सध्या नको, ऑफसेट हलवा. आणि ऑपरेटर मुद्दाम वरच्या बाजूला का राहतो ते विचारा. बारीक झालेला शाफ्ट भंगारात जातो, जाडा पुन्हा घासता येतो. त्याच्या जागी त्याचं बरोबरच आहे.

हे सगळं माप खरं असेल तरच. एकूण टॉलरन्स ०.०५ आहे, त्याच्या दहाव्या भागाइतकं, म्हणजे ०.००५ तरी साधनाने दाखवावं. ०.०२ चा व्हर्निअर बाजूला ठेवा, ०.०१ चा मायक्रोमीटरही इथे अपुरा. ०.००१ चा डिजिटल घ्या. मग वेगवेगळ्या दिवसांचे, चांगले-वाईट मिळून दहा नग, तीन माणसं, प्रत्येकाने तीनदा, आधीचं माप न पाहता. गेज आर अँड आर (मोजण्यामुळेच येणारा चढउतार) १० टक्क्यांखाली आला तर उत्तम, १० ते ३० चालवून घेता येतो, त्यापुढे सीपीके काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न : २५ कामगार आहेत. एकाला ग्रीन बेल्टला (सिक्स सिग्माच्या प्रशिक्षणाला) पाठवू का?

तो परत येऊन एक ठरलेलं काम सहा महिन्यांत पुरं करणार असेल आणि त्यासाठी रोज एक तास मोकळा मिळणार असेल तर पाठवा, एरवी नको. सिक्स सिग्मा १९८६ मध्ये मोटोरोलात उभी राहिली, तिथलं उत्पादनाचं प्रमाणच निराळं. तिचं दहा लाखांत ३.४ चुका हे लक्ष्य वर्षाला ४८,००० नग करणाऱ्याला लावलं तर सहा वर्षांत एखादा नग खराब येतो. ८ टक्क्यांवर असलेल्याने त्या आकड्याकडे पाहूच नये, आधी ४ वर यावं. उद्यम नोंदणी असेल तर २०२३ पासूनची केंद्राची एमएसएमई लीन योजना पाहा. सल्लागाराच्या फीचा मोठा भाग सरकार उचलतं. अटी मात्र अर्ज करताना पुन्हा वाचा.

प्रश्न : आमचा चिवड्याचा पॅकिंग विभाग आहे. २०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये कमी भरू नये म्हणून २०६ वर सेट करतो. रोज ५,००० पाऊच. हे नुकसान टाळता येईल?

रोज ३० किलो चिवडा फुकट जातोय, आणि तो भंगारात दिसत नाही म्हणून कोणी रडत नाही. तुमच्या नोंदींत सिग्मा ३ ग्रॅम आहे, म्हणजे दोन सिग्मांची गादी घालून तुम्ही २०६ वर बसला आहात. सिग्मा १.५ केलात तर तेवढ्याच धोक्यात २०३ वर येता येईल आणि रोजचे १५ किलो वाचतील. उलट क्रमाने जाऊ नका. चढउतार तसाच ठेवून २०३ केलंत तर कमी वजनाची पाकिटं बाजारात जातील आणि वजनमापवाल्यांची नोटीस येऊ शकते.

कपाने मोजणाऱ्या फिलरमध्ये दोष बहुतेक वेळा हॉपरमध्ये (वरून माल भरायच्या पेटीत) असतो. शेंगदाणे आणि डाळं खाली बसतात, पोहे वर राहतात. त्यामुळे तेवढ्याच कपात कधी जड, कधी हलका माल येतो. हॉपर एकदम काठोकाठ भरून रिकामा होईपर्यंत चालवू नका, आत दोन खुणा करा आणि पातळी त्यांच्यामध्येच ठेवा, थोडं-थोडं आणि मिसळून भरत राहा. दर अर्ध्या तासाला लागोपाठची पाच पाऊच तोला आणि सरासरी व सर्वांत जड-हलक्यातला फरक, दोन्ही तक्त्यावर मांडा. फरक वाढला तर हॉपर पाहा, नुसती सरासरी सरकली तर कप. नवीन रोल चढवलात की शंभर रिकामी पाऊच एकदम तोलून टेअर (वजा करायचं रिकाम्या पाऊचचं वजन) बदला, फिल्मची जाडी रोलगणिक थोडी हलते.