हलकीफुलकी रहस्यकथा वाचायला घेताना

रक्तपाताचा भडिमार नसलेली रहस्यकथा तुम्हाला हवी असेल, तर अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी'पासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. वडिलांनी मागे ठेवलेली गुरे विकून बोट्स्वानाची राजधानी गॅबोरोन येथे कचेरी थाटणाऱ्या प्रेशस रामोत्स्वे यांच्याकडे बहुधा खुनाची नव्हे, तर बेपत्ता नवऱ्यांची आणि संशयाने पोखरलेल्या घरांची गाऱ्हाणी येतात.

पहिल्याच प्रकरणात एक माणूस वडील असल्याचे सांगून एका बाईच्या घरी मुक्काम ठोकतो आणि तिला शंका येऊ लागते. रामोत्स्वेबाईंनी परिचारिकेचा गणवेश अंगावर चढवला, की पुस्तक क्षणभर मिटावे आणि त्या आता काय करणार, याचा स्वतः अंदाज बांधावा. ही युक्ती मनुष्यस्वभावाच्या पक्क्या जाणिवेतून आलेली आहे, आणि माझ्या मते या पुस्तकाची खरी गोडी तिथेच आहे. म्हणूनच उलगड्याच्या घाईने पाने उलटू नयेत. रुईबॉस चहा घेत बाई अशिलाला बोलते करतात, ती संभाषणे सावकाश वाचावीत.

पुढचे भाग मात्र क्रमानेच घ्यावेत, कारण मोटारी दुरुस्त करणारे मातेकोनी आणि ९७ टक्के गुणांचा अभिमान बाळगणाऱ्या सहायक मकुत्सी यांची आयुष्ये भागागणिक पुढे सरकत जातात.