सातपुड्याच्या कड्यावरून पॅराग्लायडिंग करताना शिरपूरकडचं ट्रेनिंगचं विमान समोर आलं, तर बाजूला कोणी व्हायचं?

नियमाने विमानाने, पण प्रत्यक्षात तुम्हीच आधी वळा. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत मार्ग एकमेकांना छेदत असतील तर इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला (बिनइंजिनाच्या यानाला, म्हणजे तुमच्या पॅराग्लायडरलाही) वाट द्यायची असते. अडचण अशी की वैमानिकाला तुम्ही दिसतच नाही. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. दीड किलोमीटर अंतर अर्ध्या मिनिटात संपतं. शिवाय समपातळीवरून तुमची कॅनोपी (डोक्यावरचा कापडी पंख) बारीक रेघेसारखी दिसते, आणि सेस्ना १७२ या ट्रेनिंगच्या विमानाचे पंख वर असल्याने वळताना त्या बाजूचं दृश्य झाकलं जातं.

विमान काचेवरच्या डागासारखं एकाच जागी राहून मोठं होत असेल, तर ते थेट तुमच्यावरच येतंय. तिरकं वळून कॅनोपीचा पूर्ण पृष्ठभाग दाखवा, मग त्याच्या मार्गाला काटकोनात निघा. अगदी समोरासमोर असाल तर नियमाने दोघांनीही उजवीकडे वळायचं. ते गेल्यावर त्याच्या मागे-खाली लगेच शिरू नका, पंखांमागचे भोवरे खाली उतरतात आणि कॅनोपी मिटू शकते.

मात्र पॅरामोटर (पाठीवरचं इंजिन) चालू असेल तर ग्लायडरची सवलत नाही. जळगाव विमानतळ किंवा धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीजवळ तर परवानगीशिवाय उडूच नका. एप्रिल-मेच्या धुरकट दुपारी दुप्पट सावध राहा.