22 वर्षांचा मालकी साग: ठोक विकू नका, आधी मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: चिमूर तालुक्यात तिघा भावांचं सामायिक 4 एकर वावर, वडिलांनी 22 वर्षांपूर्वी 2 बाय 2 मीटरवर लावलेला साग, आज उभी झाडं अंदाजे 2,600, धुऱ्यावर मोह आणि ऐन. ठेकेदार सगळ्याचे एकरकमी पैसे द्यायला तयार आहे. द्यावं का?

ठोक देऊ नका. ठोक सौद्यात ठेकेदाराची नजर सगळ्यात जाड, सरळ तीन-चारशे झाडांवर असते. त्याचा नफा तिथेच आहे. बाकीच्या बल्ल्या, म्हणजे खांबाजोगी बारीक झाडं, त्याला फुकटात पडतात. सौदा अर्धवट राहिला तर तो नेमकी चांगली झाडं नेतो आणि वाकडी, दबलेली तुमच्याकडे सोडतो. मग त्या वावरात 20 वर्षं थांबूनही जाड लाकूड होत नाही. म्हणून काय कापायचं ते नंतर पाहा, काय उभं ठेवायचं ते आधी ठरवा.

त्यासाठी मोजणी करा. दोन माणसं, एक टेलरचा टेप, गेरू आणि वही पुरते. साडेचार फुटांची काठी बुंध्याला लावून तिच्या टोकाशी गोलाई घ्या. उतारावर काठी वरच्या बाजूने लावा. साडेचार फुटांच्या खालीच दुबेळकं, म्हणजे खोडाचे दोन फाटे, फुटलं असेल तर ती दोन झाडं धरा. प्रत्येक झाडाला नंबर, गोलाई आणि वर्ग लिहा. 'अ' म्हणजे सरळ, शेंडा उन्हात, बुंध्याला जखम नाही. 'ब' म्हणजे ठीक आहे, पण 'अ'ला खेटून आहे. 'क' म्हणजे वाकडं, पोकळ, शेंडा वाळलेलं किंवा सावलीत दबलेलं. वर्ग ठरवताना बुंध्याइतकंच वर पण पाहा. गोलाई चांगली पण शेंडा दोन्ही बाजूंनी दाबला गेलाय, अशा झाडाची वाढ थांबलेली असते.

आता अंतराचा हिशोब. ढोबळ नियम असा की छातीच्या उंचीवर जितके इंच व्यास, त्यात 6 मिळवा, तेवढे फूट अंतर झाडाझाडात हवं. तुमची सरासरी गोलाई 20 इंच धरली तर व्यास साधारण साडेसहा इंच, म्हणजे अंतर साडेबारा फूट, एकरी 280 च्या आसपास झाडं. तुमच्याकडे एकरी 650 आहेत, सरासरी सव्वाआठ फुटांवर. झाडं अडकून पडली आहेत, त्यामुळेच 22 वर्षांत गोलाई वाढली नाही. ही विरळणी, म्हणजे मधली झाडं काढून दाटी कमी करणं, दहाव्या वर्षाच्या आतच सुरू व्हायला हवी होती. पण अजून वेळ गेलेली नाही.

तरीही एका फटक्यात 280 वर येऊ नका. इतकी वर्षं दाटीत वाढलेली झाडं उंच, सडपातळ असतात. अचानक मोकळी केली तर वादळात वाकतात, बुंध्यावर ऊन लागून बारीक फुटवे निघतात आणि त्या फुटव्यांच्या गाठी लाकडाची किंमत पाडतात. खाली रायमुनिया (घाणेरी) माजतो तो वेगळाच. पहिल्या खेपेला एक तृतीयांश काढा, म्हणजे जवळजवळ 900 झाडं: सगळी 'क' आणि गरजेपुरती 'ब'. राहतील 1,700, एकरी सव्वाचारशे. चार वर्षांनी पुन्हा मोजा आणि मग एकरी 250 ते 300 वर या. 'क' झाड असं असेल की ते काढल्यावर मोठं भगदाड पडतं, तर ते पुढच्या खेपेपर्यंत राहू द्या.

थांबण्याचा फायदा साधा आहे. लांबी तीच धरली तर 22 इंच गोलाईचं झाड 36 इंचांवर गेल्यावर लाकूड अडीच पटींहून जास्त होतं, कारण लाकूड गोलाईच्या वर्गाने वाढतं. शिवाय कोवळ्या सागात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त असतं. त्याला किडे लागतात, सुतार ते तासून फेकतो. गाभा वाढला की घनफुटाचा भावही वाढतो. 1990 च्या दशकात '20 वर्षांत करोडपती' म्हणत सागाच्या योजना विकल्या गेल्या. त्यात वयाचा हिशोब होता, गोलाईचा आणि गाभ्याचा नव्हता. लोक तिथेच फसले.

मोजमापात कुठे मारतात तेही पाहून ठेवा. गोल लाकडाचं घनफूट काढायची रीत अशी: मधोमध गोलाई इंचात घ्या, तिला 4 ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबी फुटांनी गुणा आणि 144 ने भागा. 10 फूट लांब, मध्ये 36 इंच गोलाई असेल तर 9 गुणिले 9 गुणिले 10 भागिले 144, म्हणजे 5.62 घनफूट. मुळात हीच रीत खऱ्या लाकडापेक्षा साडेएकवीस टक्के कमी दाखवते. बाजार तिच्यावरच चालतो, त्यामुळे तिथवर तक्रार नाही. पण टेप मध्याऐवजी बारीक टोकाला लावला आणि तिथे 30 इंच भरली, तर तेच लाकूड 3.9 घनफूट होतं. म्हणजे आणखी 30 टक्के गेले. सालीसकट की सालीविना, हेही सौद्याआधी लिहून घ्या. बल्ल्या नगावर जातात, त्यांची गोलाई आणि लांबीप्रमाणे वेगळी यादी करा.

आता कागद. साग, मोह, ऐन, बिजा, हळदू, तिवस, अंजन, खैर या सगळ्या 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या 16 अनुसूचित वृक्षजातींत येतात. मालकीचं झाड असलं तरी लेखी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावली तर गुन्हा होतो. सातबारा, आठ-अ, नकाशा, झाडांची यादी आणि तिन्ही भावांचं संमतिपत्र अर्जासोबत द्या. एका भावाची सही राहिली की प्रकरण तिथेच अडतं. वावराला जंगलाची हद्द लागून असेल तर भूमी अभिलेखची हद्द मोजणी आधी करून घ्या, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. सातबारावर 'झुडपी जंगल' किंवा 'खाजगी वन' अशी नोंद दिसली तर अर्जाआधी तिचाच निकाल लावा, कारण झुडपी जंगलाला सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वन मानलं आहे. खातेदार आदिवासी असेल तर 1969 चा वेगळा कायदा लागतो आणि विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, ठेकेदाराशी परस्पर सौदा करायचा नाही. तोडीनंतर लाकडावर हातोडा (वनखात्याची छाप) आणि वाहतूक परवाना झाल्याशिवाय गाडी वावराबाहेर काढू नका. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवता येतात, तीही नोंदवून ठेवा. अर्ज पोळ्याच्या आसपास दिला तर हिवाळ्यात तोड हाती येण्याची शक्यता राहते.

तोड करताना आधी वेली कापा. पळसवेल दोन झाडांत अडकली असेल तर एक झाड पडताना दुसऱ्याचा शेंडा मोडतं. ज्या बाजूला पाडायचं तिकडे व्यासाच्या पाव ते एक तृतीयांश खाच घ्या, मागचा काप तिच्यापेक्षा थोडा वर घ्या आणि मध्ये थोडं लाकूड बिजागरीसारखं सोडा. ते सोडलं नाही तर झाड वाटेल तिकडे फिरतं आणि तुमची 'अ' झाडं सोलून काढतं. खुंट जमिनीपासून 4 ते 6 इंचांवर, तिरपा, करवतीने घ्या. कुऱ्हाडीने साल फाटली तर खुंट सडतो. मोकळ्या जागेतल्या खुंटाला पावसाळ्यात चांगले फुटवे येतात. पुढच्या वर्षी त्यांतला जमिनीलगतचा एक जोरकस ठेवा, बाकी काढा. सावलीतल्या खुंटाच्या फुटव्यावर मात्र भरवसा नको, सागाला ऊन लागतं.

फांद्या, पाला, काड्या होळीच्या आत वावराबाहेर काढा. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ, आणि विरळणीनंतर पडलेला कचरा म्हणजे तयार सरपण. जंगलाकडच्या अंगाला 20 फूट, बाकी तिन्ही अंगांना 10 फूट जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत काढलेला पट्टा, जानेवारीच्या शेवटी साफ करा. सागाचा पाला एकदम गळत नाही, म्हणून मार्चमध्ये पुन्हा झाडा. आग खोडावरून गेली की झाड मरत नाही, पण बुंध्याची साल भाजते आणि तिथून गाभा पोकळ व्हायला लागतो. दहा वर्षांनी कापल्यावर ते कळतं, आणि जातो तो खालचा, सगळ्यात महाग तुकडा.

पावसाळ्यात अळीने पानांची जाळी केली तर घाबरून फवारणी करू नका. मोठी झाडं पुन्हा पालवतात, उंच सागावर फवारा पोचत नाही आणि खर्च वाया जातो.

धानाच्या बांधीला लागून, जिथे पाणी साचतं, तिथला साग शेंड्याकडून वाळत असेल तर तो वाचवायच्या मागे लागू नका. सागाला निचरा हवा. तिथे ऐन, अर्जुन, जांभूळ लावा. ऐन चिकण माती सोसतो, आणि भंडारा-गडचिरोलीकडे त्यावर टसर रेशमाचे किडे पाळतात.

मोह यादीत 'तोड' म्हणून घालूच नका. दरवर्षी फुलं आणि बिया देणारं झाड एकदाच्या लाकडासाठी देणं परवडत नाही. त्याच्याखाली पाला जाळून फुलं वेचायची सवय मात्र बंद करा. पाला झाडून काढा आणि जुनी जाळी किंवा साड्या अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात. मोहावर बांडगूळ दिसत असेल तर त्याला फळं धरायच्या आत, ते बसलंय त्याच्या खाली दीड-दोन फुटांवर फांदी कापा. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं.

मोजणी झाली की 'अ', 'ब', 'क' प्रत्येकी किती आणि 24 इंचांवरची किती, एवढे आकडे टाका. पहिल्या 900 ची निवड त्यावरून करता येईल. तोवर ठेकेदाराकडून बयाना घेऊ नका.