वाचक विचारतात: रोबोटिक्सच्या मुलांसाठी लेथ कुठला घ्यावा?

प्रश्न: आमच्या रोबोटिक्स क्लबला छोटा मेटल लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन) घ्यायचाय. मुलं चौदा ते अठरा वयाची. काम म्हणजे चाकांचे हब, स्पेसर, बुश, शाफ्टची टोकं नीट करणं, बहुतेक अ‍ॅल्युमिनियम आणि थोडं एमएस (साधं माइल्ड स्टील). समोर तीन पर्याय आहेत, एक अगदी छोटा ९० मिमी स्विंगचा (म्हणजे एवढ्या व्यासाचा तुकडा त्यात फिरू शकतो), दुसरा १८० मिमी स्विंगचा मिनी लेथ (हा २५० आणि ३५० मिमी अशा दोन लांबीत मिळतो), आणि तिसरा एका कारखान्यातला जुना मोठा लेथ, तो फुकट देतायत. जो तो वेगळंच सांगतो. काय घेऊ?
— क्लब सांभाळणारी एक शिक्षिका

उत्तर: मॅडम, १८० वाला घ्या, आणि त्यातला ३५० चा घ्या.

सगळे स्विंग स्विंग करत बसतात पण तुमच्या कामात आधी बघायचा तो स्पिंडलचा (तुकडा फिरवणाऱ्या दांड्याचा) बोअर, म्हणजे हेडस्टॉकमधून, लेथच्या डावीकडच्या डोक्यातून, आरपार जाणारं भोक. रोबोटचा शाफ्ट लांब असतो आणि काम असतं फक्त टोकाला, तेव्हा बाकीचा शाफ्ट मागून स्पिंडलमध्ये घुसला पाहिजे. अर्ध्या इंचाचा हेक्स शाफ्ट घ्या, सपाट बाजूंवर १२.७ मिमी पण कोपऱ्यांवर साधारण १४.७, तो ९० च्या लेथमध्ये जातच नाही कारण तिथं बोअर जेमतेम १० मिमीच्या आसपास असतो. १८० मध्ये साधारण २० मिमी मिळतो, आरामात जातो. छोटा लेथ वाईट नाही हां, घड्याळातल्यासारख्या बारीक कामाला झकास आहे, पण तुमचं काम ते नाही.

लांबीचं म्हणाल तर २५० मिमी कागदावर भरपूर वाटते. पण ती मोजतात दोन सेंटरच्या, म्हणजे दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांच्या मधे, आणि प्रत्यक्षात तिथं चक (तुकडा पकडणारा जबडा) बसतो, समोरच्या टोकाच्या टेलस्टॉकला ड्रिल चक बसतो, त्यात १० मिमीचा साधा ड्रिल लावला की तो एकटाच १३३ मिमीचा, मग जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, जागा उरते किती? वर काही विक्रेते लांबी जरा सढळ हातानेच लिहितात, तेव्हा स्वतः टेप लावून मोजा.

मोटरचं. जाहिरातीत २५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) मोठ्या अक्षरात असतं, त्याचं कौतुक नको. २५ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियमला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने साधारण ९५० आरपीएम लागतात, तेवढ्याच एमएसला ३२० च्या आसपास, आणि ६०८ बेअरिंगसाठी एमएसमध्ये २२ मिमीचं बोअरिंग करायला (आतलं भोक मोठं करायला) घेतलं की कमी स्पीडला जोर लागतो. ब्रशवाली डीसी मोटर नेमकी तिथंच दम सोडते. त्यामुळे हाय-लो गिअर असलेला घ्या नाहीतर ब्रशलेस मोटरचा. काही मॉडेलमध्ये आत प्लास्टिकचे गिअर असतात, लोक नाकं मुरडतात, मला मात्र मुलांच्या हाताखाली ते चालतात कारण टूल चकवर आपटलं तर गिअर तुटतो आणि बाकी मशीन वाचतं. एक जोडी जादा ठेवा फक्त.

आता तो फुकटचा लेथ. मोह होणारच, आणि खरं सांगायचं तर वजनदार लेथवर कट जसा लागतो तसा ४० किलोच्या मिनीवर कधीच लागणार नाही. पण आधी जाऊन एवढं करा: सॅडल (टूल घेऊन सरकणारा भाग) चकच्या जवळ आणा, तिथं त्याच्या जिब पट्ट्या (ढिलेपणा काढायच्या पट्ट्या) खेळ जाईपर्यंत आवळा आणि मग सॅडल हळूहळू टेलस्टॉककडे सरकवा. मधेच घट्ट होऊन अडकलं तर समजा चकजवळचा बेड, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतो तो पाया, झिजलाय, कारण आयुष्यभर काम तिथंच झालेलं असतं. असा बेड ग्राइंड करून घेणं हे क्लबचं काम नाही. बेड चांगला निघाला तरी शे-दोनशे किलो (किंवा बरंच जास्त) उतरवायचं कुठं, जमीन पेलेल का, थ्री फेज वीज आहे का (नसेल तर व्हीएफडीने, म्हणजे घरच्या विजेवर थ्री फेज मोटर चालवणाऱ्या डब्याने, निभावतं), आणि मुख्य म्हणजे तेवढ्या जोराच्या मशीनवर नवख्या मुलाची चूक फार महागात पडते.

मशीनमध्येच सगळे पैसे घालवू नका. क्विक चेंज टूल पोस्ट (टूल पटकन बदलता येणारा धारक), फोर जॉ चक (चार जबड्यांचा), रिव्हॉल्व्हिंग सेंटर (जॉबबरोबर फिरणारा टोकाचा आधार), ड्रिल चक, डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) हे लागतंच. टूल पोस्टवर मी जास्त जोर देतो कारण नवशिक्यांचं निम्मं दुखणं टूलच्या उंचीचं असतं. फेसिंग केल्यावर (जॉबचं टोक सपाट केल्यावर) मध्यभागी बारीक टोक उरतं ना, तेच. मुलांना ही युक्ती दाखवा: मशीन बंद, गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामधे पातळ स्टीलची पट्टी अलगद दाबून धरायची. सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला, वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर वर. बस.

थ्री जॉ (तीन जबड्यांच्या) चकमध्ये जॉब थोडा आउट, म्हणजे मध्यापासून किंचित सरकून, फिरणारच, ०.०५ ते ०.१ मिमी म्हणजे नेहमीचंच, त्यावरून मशीन परत पाठवू नका. हबचं फेसिंग, ड्रिलिंग, बोअरिंग आणि बाहेरचं टर्निंग (बाहेरून गोल कापणं) एकाच पकडीत उरकलं की तो फरक जॉबमध्ये येत नाही.

आणि चकची चावी. हात चावीवर आहे तोवरच ती चकमध्ये, हात काढला की चावी बाहेर. हातमोजे अजिबात नकोत, बाह्या वर, केस बांधलेले, डोळ्यांना सेफ्टी चष्मा. इमर्जन्सी स्टॉप आणि चक गार्ड नसलेला लेथ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न: लेथ, मिलिंग, ड्रिलिंग तिन्ही एकातच असलेलं कॉम्बो मशीन घेतलं तर जागा वाचेल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर: जागा वाचेल, वेळ जाईल. मिलिंग करायचं म्हणजे आधी लावलेलं लेथचं सेटिंग मोडायचं, आणि चार मुलं रांगेत उभी असताना एकच काम चालू राहणार. शिवाय छोट्या कॉम्बोमध्ये मिलिंगचं हेड सहसा हलकंच असतं, स्टीलमध्ये कट घेताना थरथरतं. साधा लेथ आणि शेजारी एक बेंच ड्रिल ठेव, मिलिंगचं पुढच्या वर्षी बघू.