बेनेगलांचा सिनेमा कोणाच्या पैशावर?

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचे सचिव नेहमी सांगतात, की श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातच्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून तयार केला. पाच लाख लोकांकडून अशी वर्गणी गोळा होऊ शकते काय, की ही सांगोवांगीची गोष्ट आहे?
— एक पशुपालक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपल्या सचिवांचे म्हणणे खरे आहे. बेनेगल ‘अमूल’च्या सहकारी दूध चळवळीचे नेते वर्गीस कुरियन यांच्यासाठी दुग्धविकासावर माहितीपट करीत होते. माहितीपट पाहतात ते बहुधा ज्यांना विषय आधीच पटलेला असतो तेच लोक, हे लक्षात आल्यावर त्यांनी याच विषयावर कथापट काढण्याची कल्पना मांडली. पैशाचा प्रश्न कुरियन यांनी सोडवला. गावोगावच्या दूध संस्थांची साखळी उभी होतीच. सभासदाच्या चुकाऱ्यातून दोन रुपये वळते करून घेतले, की दहा लाख रुपये जमत होते. १९७६ साली तेवढ्या पैशात चित्रपट पुरा झाला, आणि पडद्यावर निर्माते म्हणून गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख आला. पुढे हेच निर्माते ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहायला गेले.

तरीही हा संस्थेच्या प्रचाराचा चित्रपट झाला नाही, याचे मला अधिक मोल वाटते. सुरुवातीलाच, गावात सहकारी दूध संस्था उभी करायला आलेले पशुवैद्य डॉ. राव रेल्वेने उतरतात तेव्हा स्थानकावर स्वागताला कोणी नसते. मग धावतपळत आलेली मंडळी, आज गाडी वेळेवर आली म्हणून उशीर झाला, अशी माफी मागतात. दुधाला पडता भाव देणारा मिश्रा, संस्था आपल्याच मुठीत राहावी असे मानणारा सरपंच, आणि दलित वस्तीतून उभा राहणारा भोला, यांच्या ओढाताणीत सहकार किती अवघड आहे ते दिसते. गवळाऊ गाई सांभाळणाऱ्या आपल्या भागातील ज्या वाचकांनी संस्थेची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना त्यातले राजकारण समजावून सांगावे लागणार नाही. अखेरीस डॉक्टरांना गाव सोडावे लागते आणि संस्थेचा भार भोला उचलतो. पैसे देणाऱ्यांनी एवढे खरे दाखवू दिले, हेही थोडके नव्हे.

याच नजरेने बेनेगलांची कारकीर्द पाहावी, कारण प्रचलित चित्रपटसृष्टीत ज्या विषयांना सावकार मिळत नसे, त्यांच्यासाठी ते दरवेळी निराळी थैली शोधत. ‘अंकुर’ला (१९७४) पैसा दिला तो जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या कंपनीने; बेनेगल स्वतः जाहिरात क्षेत्रातून आले होते आणि ही कथा कित्येक वर्षे उराशी बाळगून होते. ‘जुनून’ आणि ‘कलयुग’चे निर्माते शशी कपूर होते. बटाईदारांवरील ‘आरोहण’ (१९८२) पश्चिम बंगाल सरकारने काढला, तर विणकरांवरील ‘सुस्मन’मागे (१९८७) हातमाग सहकारी संस्था होत्या. दूरदर्शननेही त्यांच्याकडून ५३ भागांची ‘भारत एक खोज’ करवून घेतली.

प्रश्न : बेनेगल मराठी होते काय?
— एक विद्यार्थी, उमरखेड, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ रोजी हैदराबादजवळ तिरमलगिरी येथे कोकणीभाषक कुटुंबात झाला. वडील छायाचित्रकार होते. मात्र ‘निशांत’ आणि ‘मंथन’ यांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत, ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आधारलेला आहे आणि त्यातील नायिका स्मिता पाटील आहेत, त्यामुळे आपला समज होणे स्वाभाविक आहे. २३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात बेनेगलांचा एकच चित्रपट दाखवायचा आहे. कोणता निवडावा?
— एक शिक्षिका, राजुरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : समीक्षक बहुधा ‘भूमिका’ सांगतील, आणि कलाकृती म्हणून तो सरस आहेही, पण गतकाळात मागेपुढे जाणारी त्याची मांडणी पहिल्याच खेपेला सर्वांना पेलेल असे नाही. आपण तेलंगणाच्या सीमेवर राहता, म्हणून मी ‘अंकुर’ सुचवीन. त्यातील दख्खनी वळणाची हिंदी आपल्याकडच्या कानांना परकी वाटणार नाही. जमीनदाराचा शिकलेला मुलगा सूर्या, त्याच्या घरी राबणारी लक्ष्मी आणि तिचा मूकबधिर नवरा किष्टय्या, एवढ्यांवर कथा चालते. सूर्या लक्ष्मीच्या हातचा चहा पितो तेव्हा जातपात न मानणारा वाटतो. तिला दिवस गेल्यावर मात्र तोच अंग काढून घेतो. शेवटी किष्टय्याला त्याच्याकडून मार बसतो, आणि एक लहान मुलगा दगड उचलून सूर्याच्या खिडकीवर भिरकावतो. शबाना आझमी यांचा हा प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट असून त्यातील भूमिकेसाठी त्यांना आणि साधू मेहेर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

विषय प्रौढांचा असल्यामुळे प्राथमिक वर्गातील मुलांना बोलावू नये. प्रेक्षकांत दूध घालणारी मंडळी अधिक असतील, तर मात्र ‘मंथन’च लावावा, त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ साली कान महोत्सवात आणि त्यानंतर भारतातील चित्रपटगृहांतही दाखवली गेली. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी आधी मागून घ्यावी.