डायलिसिस सुरू झालं, तरी मासे बंदच?

देवगडच्या दादांनी लिहिलंय की वडिलांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं, मासे-डाळ आधीपासून बंद आहे ती बंदच, आणि पेज-भातावर ते खंगत चाललेत. माझ्या आईचं नेमकं हेच झालं, म्हणून लिहितेय.

डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी ठेवतात ते योग्यच, किलोमागे साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम. पण मशीन लागलं की हिशेब उलटतो. रक्तातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, दर वेळी वाहून जातात, म्हणून किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. वजन सूज उतरल्यानंतरचं धरायचं. 55 किलोच्या माणसाला 55 ते 66 ग्रॅम झाले.

आम्ही जायचो तिथल्या आहार विभागाने आईला प्रत्येक वेळी कमी प्रथिनांचा जुनाच छापील कागद दिला. फाइलवर डायलिसिस ठळक लिहिलेलं! विचारलं तर म्हणे, ‘किडनीवाल्यांना हेच देतो.’ अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, उतरत गेलं, दंड काडीसारखे झाले. वर क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) कमी आलं की ‘सुधारणा आहे’ म्हणायचे. स्नायू झिजले तरी क्रिएटिनिन कमी दिसतं, हे पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आईला उठून न्हाणीपर्यंत जाणं जमेना. कागद देण्याआधी फाइल उघडून बघायला किती वेळ लागतो हो? अजून संताप होतो.

मी डॉक्टर नाही. वडिलांना साखर असेल, पोटॅशियम वाढलेलं असेल तर गणित बदलेल. पण नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, सरळ विचारा, ‘आता डायलिसिसवर रोज किती ग्रॅम?’ आणि आकडा लिहून घ्या.

माझ्या मते ताजा मासा दारात येत असताना, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रथिनांच्या पावडरचे महागडे डबे आणू नयेत. 100 ग्रॅम बांगड्यात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. अंड्याचा पांढरा भाग त्याहून सोयीचा, त्यात फॉस्फरस अगदी थोडा. सुकट, सोडे, खारा बांगडा मात्र नको. मिठाने तहान लागते आणि दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साठतं. जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी दिली असेल तर ती जेवतानाच घ्यायची, नंतर आठवली म्हणून घेऊन उपयोग नाही.

भेटायला येणारे ताकदीसाठी शहाळी आणतात. त्यात पोटॅशियम भरपूर, तेव्हा ती त्यांनाच प्यायला द्या. स्टार फ्रूट, म्हणजे कमरख, तर आमटीतसुद्धा घालू नका. किडनीच्या रुग्णाला त्याचं विष मेंदूपर्यंत बाधतं, जिवावर बेतू शकतं.